जेडाईट: जुन्या हिरव्या दुधी काचेच्या भांड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहायला आलेली आपली मंडळी कधीतरी एखाद्या एस्टेट सेलला (म्हणजे एखाद्या घरातलं सगळं सामान विकायला काढतात तिथे) किंवा अँटिक मॉलमध्ये जातात, तिथे ते फिकट हिरवे जाड कप बघतात आणि मग फोन येतो, "अगं हे काय आहे, घेऊ का?" प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. घाईत असाल तर निदान शिक्के, नवे-जुने आणि घेताना काय तपासायचं हे तीन भाग वाचा, पैसे वाचतील.

जेडाईट म्हणजे नक्की काय? त्यात जेड दगड असतो का?

नाही, दगडाचा काही संबंध नाही, ही साधी काचच आहे, फक्त आरपार न दिसणारी. काचेच्या मिश्रणात फ्लोराईडसारखी द्रव्यं घातली की काच थंड होताना आत अतिसूक्ष्म कण तयार होतात, त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि काच दुधासारखी दिसते. त्यात हिरवा रंग आणला की झालं जेडाईट. रंग डोळ्यासमोर येत नसेल तर पिस्त्याची बर्फी आठवा. खऱ्या तुकड्याचा काठ उजेडाला धरलात तर पातळ भागातून थोडा उजेड आत शिरलेला दिसतो, पूर्ण बंद दिसत नाही. चिनी मातीच्या किंवा इनॅमलच्या हिरव्या भांड्यापासून वेगळं ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

आरपार दिसणारी हिरवी डिप्रेशन ग्लास, म्हणजे १९३० च्या आसपासच्या मंदीतली स्वस्त काच, ही वेगळी गोष्ट. जेडाईटच्याच काळातली आहे, पुष्कळदा त्याच कंपन्यांची आहे, पण तिला जेडाईट म्हणत नाहीत.

कोणी बनवलं आणि कधी?

मुख्य नावं तीन, ती पाठ करून टाका. मकी, जेनेट आणि अँकर हॉकिंग.

पहिल्या दोन्ही कंपन्या पेनसिल्वेनियातल्या जेनेट गावच्या. पिट्सबर्गच्या व्यंकटेश मंदिरात आपले लोक लांबलांबून गाडी काढून जातात, त्या मंदिरापासून हे गाव फार लांब नाही, पण तिथे काचेचा एवढा मोठा इतिहास आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. गावाचं नावच मुळी काच कारखानदार मकी यांच्या बायकोच्या नावावरून पडलं. या भागात भट्टीला लागणारा नैसर्गिक वायू स्वस्त होता म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काचेचे कारखाने इथे आले. मकी कंपनीने १९३० च्या आसपास आपली अपारदर्शक हिरवी काच 'स्कोकी ग्रीन' नावाने बाजारात आणली, आणि त्याच दशकात जेनेट ग्लास कंपनीने 'जेडाईट' नावाने आपला हिरवा माल काढला. या दोघांचा भर स्वयंपाकघरातल्या सामानावर, म्हणजे साखर-चहा-कॉफीचे डबे, मीठ-मिरपुडीच्या डब्या, मापाचे कप, लोण्याचे डबे, फ्रिजमध्ये एकावर एक ठेवायचे चौकोनी डबे, संत्रं-लिंबू पिळायची पात्रं. 'सनकिस्ट' अशी उठावाची अक्षरं असलेली संत्र्याची पात्रं मकीनेच बनवलेली आहेत, लिंबू सरबताचा सीझन असला की मी तेच वापरते, धार अजून शाबूत आहे.

तिसरी कंपनी ओहायोची. लँकेस्टर गावात १९०५ साली आयझॅक कॉलिन्स यांनी हॉकिंग ग्लास कंपनी सुरू केली, नाव तिथल्या हॉकिंग नदीवरून. १९२४ मध्ये त्यांचा कारखाना जळाला, तो पुन्हा उभा केला, आणि मंदीच्या काळात मशीनवर एवढ्या झपाट्याने माल काढायला लागले की पाच सेंटला दोन पेले विकता आले. १९३७ मध्ये अँकर कॅप कंपनीशी विलीन होऊन अँकर हॉकिंग झाली. १९४२ पासून त्यांचा 'फायर-किंग' ब्रँड आला आणि १९४० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या दशकापर्यंत त्यांनी हिरवी भांडी काढली. आज बाजारात जे हिरवं दिसतं त्यात सगळ्यात जास्त माल फायर-किंगचाच, कारण तो अफाट संख्येने बनला आणि स्वस्तात विकला गेला, काही तर फुकटच वाटला गेला. ओट्सच्या डब्यात कप-बशी बक्षीस म्हणून यायची!

मला या काचेची ओढ आहे ती याच कारणाने. ही राजवाड्यातली भांडी नव्हेत. मंदीतून आणि युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या साध्या घरांना चार पैशात टेबलावर रंग आणता यावा म्हणून बनलेली आहेत, आणि सत्तर-ऐंशी वर्षं वापरूनही टिकली आहेत. म्हणून काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवायला माझा विरोध आहे. काय आहे ते नीट ओळखा आणि जे वापरण्यासारखं आहे ते वापरा.

फायर-किंगमध्ये एवढे प्रकार कसे काय? ओळखायचे कसे?

पॅटर्न बघायची सवय लागली की सोपं आहे. 'जेन रे' सगळ्यात जास्त सापडतं, ताटलीच्या काठावर बाहेरच्या बाजूला जाणाऱ्या बारीक बारीक रेघा आणि कपालाही तशाच उभ्या रेघा. १९४० च्या दशकाच्या मध्यापासून साधारण वीस वर्षं हे बनत होतं त्यामुळे अजूनही परवडतं. यातलाच एक छोटासा कॉफीचा कप आणि त्याची बशी असते, ती मात्र दुर्मिळ, दिसली तर सोडू नका.

'रेस्टॉरंट वेअर' हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. १९४८ पासून हॉटेलं, कँटीन, रस्त्याकडेचे डायनर यांच्यासाठी बनवलेला माल, काही नक्षी नाही, सगळं गुळगुळीत आणि जाड. कॅटलॉगमध्ये प्रत्येक आकाराला 'जी' ने सुरू होणारा नंबर होता आणि कलेक्टर लोक अजून त्याच नंबरांनी बोलतात, उदाहरणार्थ 'जी २१२' म्हणजे तो प्रसिद्ध जाडजूड मग. तो मग हातात घेतलात की पहिल्यांदा वजनच जाणवतं. भिंत इतकी जाड की बाहेरून मोठा दिसतो पण आत चहा जेमतेम मावतो, ओठाला लागणारा काठ गोल वळवलेला, कान लहान आणि भरीव, दोन बोटं जातात तेवढाच. तळाशी आतल्या बाजूला चमच्यांनी ढवळून ढवळून पडलेली करडी गोल रेघ असते. हॉटेलात किती हजार वेळा तो भरला गेला असेल त्याचा हिशोब त्या रेघेत आहे असं मला कायम वाटतं.

'अ‍ॅलिस' म्हणजे काठावर उठावाची फुलापानांची नक्षी. ओट्सच्या डब्यात यायची ती हीच कप-बशी, म्हणून कप-बशा मिळतात पण जेवणाची ताटली शोधावी लागते. 'चार्म' चौकोनी, १९५० च्या सुरुवातीची. 'शेल' शिंपल्यासारखा लाटांचा काठ, हा शेवटचा, १९६५ ते १९७० च्या दशकापर्यंत. 'शीव्ज ऑफ व्हीट' वर गव्हाच्या ओंब्या उठावात असतात आणि ते हिरव्यात फार कमी बनलं त्यामुळे भाव चढा.

मिक्सिंग बोलचे वेगळेच प्रकार आहेत, त्यात 'स्वर्ल', 'स्प्लॅश प्रूफ' आणि थेंबाच्या आकाराचा 'स्वीडिश मॉडर्न'. शिवाय कान आणि चोच असलेला बॅटर बोल, त्यात धिरड्याचं किंवा अप्प्यांचं पीठ भिजवून चोचीने तव्यात सोडायला इतकं सोपं जातं की ज्यांना एकच मोठी वस्तू घ्यायची असेल त्यांनी हीच घ्यावी असं मी सांगते.

खालचे शिक्के कसे वाचायचे?

भांडं उलटं करा आणि सरळ वरून नका बघू, तिरका धरा, खिडकीचा उजेड आडवा पडला पाहिजे, म्हणजे उठावाची अक्षरं दिसतात. मोबाईलचा टॉर्च बाजूने मारला तरी चालतं.

फायर-किंगचे सुरुवातीचे शिक्के सरळ मोठ्या छापील अक्षरांत आहेत. नंतर वळणदार अक्षरात 'फायर-किंग' आणि सोबत 'ओव्हन', 'ग्लास' किंवा 'वेअर', आणि 'मेड इन यूएसए' आलं. अगदी शेवटच्या काळात 'अँकर हॉकिंग' नाव आणि सोबत नंबर दिसतो. मकीचा शिक्का वर्तुळात 'एमसीके' अशी अक्षरं. जेनेटचा त्रिकोणात 'जे', पण त्यांच्या स्वयंपाकघरातल्या पुष्कळ वस्तूंवर तो नसतोच.

आणि लक्षात ठेवा, शिक्का नाही म्हणजे नकली असं अजिबात नाही. फायर-किंगच्याही खूप वस्तूंवर फक्त कागदी नाहीतर चंदेरी लेबल होतं, ते पहिल्याच धुण्यात गेलं. अशा वेळी आकार, पॅटर्न आणि वजन यावरूनच ठरवावं लागतं.

नवीन माल आणि जुना माल यातला फरक कसा कळणार? फसायची फार भीती वाटते.

भीती बरोबर आहे कारण हिरवी दुधी काच आजही बनते, आणि ती बनवणं काही गुन्हा नाही, जुनी म्हणून विकणं चुकीचं आहे. थोडा इतिहास सांगते म्हणजे कळेल. १९९० च्या दशकात घरसजावट आणि स्वयंपाकासाठी अमेरिकेत प्रसिद्ध असलेल्या मार्था स्टुअर्ट यांनी आपल्या टीव्ही शोमध्ये आणि मासिकात स्वतःकडचं जेडाईट दाखवलं, आणि बघता बघता ज्या वस्तूकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं तिला मागणी आली. मग त्यांनीच 'मार्था बाय मेल' नावाने नवीन हिरवी भांडी विकायला काढली, ती फेंटन आणि एल. ई. स्मिथ यांच्यासारख्या चांगल्या अमेरिकन काच कारखान्यांनी बनवली होती, त्यातल्या बऱ्याच वस्तूंवर 'एमबीएम' अशी अक्षरं असतात. आता ती भांडीसुद्धा गोळा करणारे लोक आहेत आणि त्यात वावगं काही नाही. सन २००० मध्ये अँकर हॉकिंगने स्वतः पुन्हा फायर-किंग काढलं, त्याच्या शिक्क्यातच २००० आकडा आहे. जपानमध्ये बनलेल्या फायर-किंगवर 'जपान' लिहिलेलं असतं. ओहायोतल्या केंब्रिज गावची मॉसर ग्लास कंपनी तर आजही हिरव्या रंगात केक स्टँड, बोल, लोण्याचे डबे बनवते आणि मॉसर म्हणूनच विकते, माल उत्तम असतो.

खरी डोकेदुखी ती बाहेरून आलेल्या, शिक्का नसलेल्या स्वस्त नकलांची. ओळखायला काही गोष्टी बघा. पहिली, ती वस्तू जुन्या कंपन्यांनी कधी बनवली होती का? उंच पायाचा केक स्टँड, झाकणावर कोंबडी बसलेला डबा अशा वस्तू समोर आल्या तर आधी नवीनच समजा आणि मग उलट पुरावा शोधा. दुसरी, स्पर्श. स्वस्त नकलेचा पृष्ठभाग हाताला तेलकट, मेणचट लागतो, साच्याच्या जोडाची रेघ जाड आणि टोचणारी असते, उठावाची नक्षी बोथट असते. तिसरी, वापराच्या खुणा. पन्नास-साठ वर्षं टेबलावर सरकवलेल्या भांड्याच्या तळाच्या कडेला बारीक बारीक ओरखडे असणारच, ते वेगवेगळ्या दिशांनी गेलेले असतात. सगळे एकाच दिशेने आणि एकसारखे असतील तर कोणीतरी मुद्दाम घासलंय. चौथी गोष्ट म्हणजे दुकान. एकाच टेबलावर तीच वस्तू सात-आठ नग, सगळे चकाचक, एकसारख्या रंगाचे, असं दिसलं की पुढे चला.

ऑनलाईन विकणारे 'जेडाईट' हा शब्द कुठल्याही हिरव्या वस्तूला चिकटवतात. तळाचा फोटो मागा. द्यायला टाळाटाळ केली तर तिथेच उत्तर मिळालं.

काळ्या टॉर्चखाली चमकतं म्हणजे युरेनियम असतं म्हणे. खरं का?

हो, खरं आहे. अतिनील टॉर्च, त्यातही ३६५ नॅनोमीटरचा असेल तर उत्तम, अंधारात मारला की मकी आणि जेनेटच्या १९३० च्या दशकातल्या पुष्कळ वस्तू झगझगीत हिरव्या पेटतात. रंगासाठी त्यात थोडं युरेनियम घातलेलं असायचं. पुढे महायुद्धात अमेरिकन सरकारने युरेनियमच्या खासगी वापरावर निर्बंध आणले, ते १९४३ पासून १९५८ पर्यंत होते, आणि फायर-किंगचा हिरवा माल आला तो नेमका या काळात, म्हणून फायर-किंग साधारणपणे असं पेटत नाही. त्यामुळे शिक्का नसलेला डबा हातात आला तर टॉर्च मोठी मदत करतो.

पण फक्त टॉर्चवर विसंबून पैसे देऊ नका. युरेनियम घातलेली काच आजही बनते, म्हणून चमकली म्हणजे जुनीच असं होत नाही, आणि नाही चमकली म्हणजे नकली असंही नाही.

मग घरात ठेवायला धोका नाही ना? लहान मुलं आहेत.

फडताळात ठेवायला, हाताळायला काळजीचं कारण नाही, अशा काचेतून होणारा किरणोत्सार फारच थोडा असतो. मी स्वतः एक नियम पाळते आणि दुसऱ्यांनाही सांगते, जे चमकतं त्यात रोजचं खाणंपिणं नाही, आणि आंबट पदार्थ साठवणं तर मुळीच नाही. लोणचं, चिंचेचा कोळ, कोकम आगळ यासाठी ते डबे नाहीत.

दुसरी गोष्ट शिशाची. जुन्या काळात भांड्यांवर छापलेले रंग, अक्षरं, चित्रं यात शिसं असू शकतं. म्हणून बाहेरून छापील नक्षी असलेली वस्तू मुलांच्या हातात किंवा तोंडाला लागणार नाही अशी ठेवा. रोजच्या वापरासाठी साधं, न छापलेलं, न चमकणारं फायर-किंग घ्या, प्रश्न मिटला.

आपला स्वयंपाक यात चालतो का? हळद, फोडणी, गरम चहा?

हळदीचं काही टेन्शन नाही. काच आहे, छिद्रं नसतात, डाग धरत नाही. फक्त खूप ओरखडे पडलेल्या जुन्या बोलमध्ये पिवळट छटा अडकून राहते, तीही घासून जाते. श्रीखंड, दहीबुत्ती, कोशिंबीर, खमंग काकडी हे सगळं या रंगावर इतकं सुंदर दिसतं, विशेषतः केशराचं श्रीखंड.

पण फोडणी थेट ओतू नका! कडकडीत तेल आणि थंड काच एकत्र आली तर तडा जाऊ शकतो, आणि भांडं सत्तर वर्षं जुनं आहे, त्याला आतून कुठे बारीक ताण आलाय का ते डोळ्यांना दिसत नाही. फोडणी कोमट झाल्यावर घाला, नाहीतर स्टीलच्या वाडग्यात कालवून मग यात काढा. चहा ओतायच्या आधी कप किंवा मग कोमट पाण्याने विसळून घ्या, थंडीत तर नक्कीच. शिक्क्यावर 'ओव्हन' लिहिलेलं असलं तरी मी ओव्हनमध्ये घालत नाही, मायक्रोवेव्हमध्येही नाही, फ्रिजमधून काढून लगेच गरम पदार्थ घालत नाही. गॅसवर ठेवायचा तर विचारच नको.

डिशवॉशर?

नाही. एकदाही नाही. त्या पावडरीने आणि गरम पाण्याने काचेची चकाकी कायमची जाते, पांढुरकं धुकं बसतं आणि ते कशानेच निघत नाही. विकत घेतानाही तोच दोष बघा, ओल्या बोटाने पुसून बघा, ओलं असताना चमकलं आणि वाळल्यावर परत मंद झालं तर ते डिशवॉशरचं धुकं. फक्त खाऱ्या पाण्याचा पांढरा थर असेल तर व्हिनेगर लावून निघतो.

ताटल्यांवर करड्या रेघा आहेत, पेन्सिलने काढल्यासारख्या. जातील?

बहुतेक वेळा जातात. त्या ओरखडे नसतात, सुरी-काट्यांचा धातू काचेवर घासून बसलेला असतो. अमेरिकेत बार कीपर्स फ्रेंड नावाची पावडर मिळते, तिच्यात ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असतं, थोड्या पाण्यात लगदा करायचा, मऊ फडक्याने हलक्या हाताने फिरवायचा, हातमोजे घालून, आणि मग भरपूर पाण्यात धुवायचं. जिथे छापील अक्षरं असतील तिथे मात्र ही पावडर लावू नका, अक्षरं पुसली जातील. डब्यांवरची ती काळी 'टी', 'शुगर' अशी अक्षरं हाच त्या डब्यांचा खरा भाव आहे, ती गेली की निम्मी मजा गेली. बोटाचं टोक फिरवून जिथे खाच लागते तो मात्र खरा ओरखडा, तो राहणार.

घेताना काय तपासायचं?

डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवा. काठावरून तर्जनी हळूच पूर्ण गोल फिरवा, बारीक टवका दिसत नाही पण लगेच हाताला लागतो. मग कान जिथे भांड्याला जुळतो ती जागा उजेडासमोर धरा, तडे बहुतेक तिथेच असतात. तळाचा गोल आणि चोचीचं टोक बघा. संत्र्याच्या पात्राचे दाते एकेक करून बघा. डब्यांना झाकण मूळचंच आहे का बघा, आतल्या काठाला नीट बसतं का, हिरवा रंग जुळतो का, कारण झाकणं फुटतात म्हणून लोक दुसऱ्याची बसवतात. झाकणाशिवाय डबा घ्यायचा असेल तर त्या हिशोबाने घासाघीस करा, नुसतं झाकण नंतर मिळवणं फार अवघड जातं.

काच ओतताना राहिलेला बुडबुडा, बारीक काळा ठिपका, रंगाची लाट हे मूळ कारखान्यातले दोष आहेत, ते चालतात, मला तर आवडतात. तडा गेलेलं मात्र घेऊ नका, फुकट दिलं तरी वापरायला घेऊ नका.

माझ्याकडच्या दोन ताटल्यांचा हिरवा एकसारखा नाही. एक नकली आहे का?

असेलच असं नाही. प्रत्येक घाण्याचा रंग थोडा वेगळा यायचा, कंपनी वेगळी तर छटा वेगळी, वर्षं वेगळी तरी छटा वेगळी. एकाच पॅटर्नमध्ये फिकट आणि गडद दोन्ही सापडतात. सेट जमवत असाल तर एक ताटली पिशवीत घेऊन जा आणि बाहेर उन्हात शेजारी धरून बघा, दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच सारखं दिसतं.

कुठे शोधायचं?

एस्टेट सेल सगळ्यात चांगला, कारण तिथे वस्तू त्याच घरातल्या असतात, स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या वरच्या फळ्या आणि तळघर दोन्ही बघा. पहिल्या दिवशी निवड मिळते, शेवटच्या दिवशी भाव कमी होतो. ओहायो, पेनसिल्वेनिया, वेस्ट व्हर्जिनिया हा सगळा पट्टाच काचेचा, इथल्या गावोगावच्या अँटिक मॉलमध्ये न ठरवता थांबलात तरी काहीतरी हाती लागतं. मोठे बाजार बघायचे असतील तर मॅसॅच्युसेट्समधलं ब्रिमफील्ड मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये भरतं, कॅलिफोर्नियावाल्यांना पासाडेनाचा रोझ बोल फ्ली मार्केट दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. पहाटे जा, टॉर्च घेऊन जा, सुट्टे पैसे घेऊन जा.

ऑनलाईन शोधताना इंग्रजीत वेगवेगळी स्पेलिंगं टाकून बघा, मधे 'ई' असलेलं, नसलेलं, जोडरेघ असलेलं. विकणाऱ्याला काय आहे ते माहीत नसेल तर नुसतं 'ग्रीन मिल्क ग्लास' लिहिलेलं असतं, आणि स्वस्तात मिळतं ते तिथेच.

आणि विकत घ्यायच्या आधी डोळा तयार करायचा असेल तर लँकेस्टरचं ओहायो ग्लास म्युझियम बघा, कोलंबसहून जवळ आहे. न्यूयॉर्क राज्यातलं कॉर्निंगचं काच संग्रहालय तर मुलांना घेऊन दिवसभर फिरण्यासारखं, तिथे काच बनवताना प्रत्यक्ष बघता येते.

भाव किती द्यायचा?

आकडे लिहिले तर सहा महिन्यांत शिळे होतील, म्हणून पद्धत सांगते. ईबेवर मागितलेला भाव बघू नका, 'सोल्ड' हा फिल्टर लावा, म्हणजे लोकांनी खरोखर किती दिले ते कळतं. ढोबळ चढता क्रम असा: जेन रेच्या कप-बशा आणि छोट्या ताटल्या खाली, मग रेस्टॉरंट वेअरचे मग आणि बोल, मग मिक्सिंग बोलचे पूर्ण सेट, आणि वर झाकणासकट अक्षरांचे डबे, गोल बॉल जग आणि रेस्टॉरंट वेअरमधले कमी बनलेले आकार.

हिरव्याशिवाय दुसरे रंग?

आहेत ना. जेनेटचा निळा 'डेल्फाईट', मकीचा 'शालेन ब्लू' आणि पिवळा 'सेव्हिल येलो', फायर-किंगचा 'टरक्वॉईज ब्लू' जो १९५० च्या दशकाच्या शेवटी थोडाच काळ बनला, आणि दुर्मिळ गुलाबी 'रोझाईट'. पण एका वेळी एकच रंग धरा नाहीतर कपाट पुरत नाही.

भारतात मिळेल का? आईसाठी न्यायचं असेल तर?

ही भांडी मुख्यतः अमेरिकेच्या घरगुती बाजारासाठी बनली, त्यामुळे मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर हिरवी काच दिसली तर आनंदात उडी मारू नका, आधी उलटी करून शिक्का बघा, काठ उजेडाला धरा, वर सांगितलेलं सगळं तिथेही लागू आहे. आपल्याकडच्या घरांत जी पांढरी दुधी काच असते, ला ओपालाचे डिनर सेट वगैरे, ती अपारदर्शक काचच, पण पातळ आणि अलीकडची.

इथून नेताना वजन मोठं असतं, रेस्टॉरंट वेअर तर विचारूच नका, म्हणून मोठ्या सेटच्या नादी न लागता दोन मग किंवा एक बॅटर बोल न्या. शक्यतो हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन बॅगेत टाकायचंच असेल तर कानाच्या पोकळीत पायमोजा कोंबा, मग प्रत्येक नग वेगळा गुंडाळा, ताटल्या आडव्या न रचता उभ्या ठेवा, काच काचेला कुठेही टेकता कामा नये आणि बॅगेच्या भिंतीपासून चारी बाजूंनी कपड्यांचा थर हवा. पोचल्यावर लगेच गरम पाण्यात टाकू नका, विमानात सामान गार पडलेलं असतं, तासभर बाहेर राहू द्या आणि मग कोमट पाण्याने धुवा.